खाणकामगारांचं पेन्शन आणि अमेरिकेतला आरोग्य विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर घुग्घुसचं, सासर नागपूरचं, आणि गेली काही वर्षं घर पेनसिल्व्हेनियाच्या नैऋत्य कोपऱ्यात. म्हणजे दोन्हीकडे पायाखाली कोळसाच. शेजारी एक निवृत्त खाणकामगार राहतात. त्यांच्या फ्रिजवर नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध पेन्शनची चिठ्ठी चुंबकाने लावलेली असते. "हे आजोबा एवढे मोर्चे का काढत होते?" या आमच्या मराठी मंडळातल्या एका प्रश्नावरून पुढचे सगळे प्रश्न निघाले. तेच तेच उत्तर फोनवर देऊन कंटाळले, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

इथे प्रत्येकाला सोशल सिक्युरिटी मिळते. मग खाणकामगारांना वेगळं पेन्शन कशासाठी?

सोशल सिक्युरिटी म्हणजे पगारातून कर भरलेल्यांना मिळणारं सरकारी निवृत्तीवेतन. ते त्यांनाही मिळतं. खाणीचं पेन्शन त्याच्या वरचं, आणि ते फुकटचं नाही. युनियन दर काही वर्षांनी कंपन्यांशी करार करायची, तेव्हा तासाची मजुरी थोडी कमी घेऊन ती रक्कम पेन्शन आणि औषधपाण्याच्या फंडात वळवून घ्यायची. आजोबांच्या शब्दांत, "तो माझाच पगार, फक्त उशिरा मिळणारा." रक्कमही काही डोळे दिपवणारी नाही. सरासरी काढली तर महिन्याला सहाशे डॉलरच्या आतबाहेर. इथल्या हिशेबाने त्यात घराचं भाडंही निघत नाही. पण औषधं, हीटिंगचं बिल आणि ट्रकचं पेट्रोल निघतं.

सरकारने वचन दिलं होतं म्हणतात. ते कोणी आणि कधी दिलं?

१९४६ साली. १ एप्रिलला देशभरातले सुमारे चार लाख कोळसा कामगार संपावर गेले. त्या काळी रेल्वे, पोलाद, वीज सगळं कोळशावर. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी खाणीच सरकारी ताब्यात घेतल्या, आणि २९ मे रोजी अंतर्गत खात्याचे मंत्री ज्युलियस क्रूग आणि युनायटेड माइन वर्कर्स या खाणकामगार युनियनचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी व्हाइट हाउसमध्ये करारावर सह्या केल्या. मालकांच्या वतीने सही करणारं त्या क्षणी खुद्द सरकारच होतं. खाणकामगार आजही ही गोष्ट विसरू देत नाहीत, ती याचसाठी.

करारातली कळीची गोष्ट साधी होती. खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे पाच सेंट कल्याण निधीत जमा करायचे. शिवाय खाणवस्त्यांमधली आरोग्याची स्थिती पाहायला नौदलाचे ॲडमिरल बून यांची पाहणी नेमली. तिचा अहवाल १९४७ मध्ये आला. त्या निधीतून १९४८ पासून महिन्याला शंभर डॉलरचं पेन्शन सुरू झालं आणि केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत दहा इस्पितळं उभी राहिली. जिथे कंपनीचा डॉक्टर हाच एकमेव डॉक्टर होता, तिथे ही केवढी मोठी गोष्ट, हे खदानीच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मग एवढा निधी असताना पैसा कमी कसा पडला?

टनामागे पैसा येणार असेल, तर टन निघत राहिले पाहिजेत आणि ते काढणारी कंपनी युनियनच्या करारात असली पाहिजे. दोन्ही गोष्टी हळूहळू सुटत गेल्या.

पहिला घाव यंत्रांचा. १९५० नंतर लुईस यांनी स्वतःच यांत्रिकीकरणाला मान्यता दिली. कोळसा तेवढाच, माणसं कमी. निधीला टनावर पैसे येत असल्यामुळे काही काळ चालून गेलं. पुढे काम बिगर-युनियन खाणींकडे सरकलं, मग विजेसाठी स्वस्त नैसर्गिक वायू आला, आणि कोळशाची मागणीच बसली. निवृत्त माणसं मात्र तेवढीच राहिली. पूर्वी आणि आताही तीच गत: वर्गणी भरणारे मूठभर आणि घेणारे गावभर.

तरीही याच युनियनच्या कामगारांचा १९७४ चा पेन्शन प्लॅन २००८ च्या शेअर बाजाराच्या पडझडीआधी बऱ्यापैकी तगडा होता. पडझडीत गुंतवणूक गेली. तरुण कामगारांची वर्गणी भरपूर असती तर पुढच्या दहा वर्षांत तो खड्डा बुजलाही असता. पण नेमकं त्याच दहा वर्षांत एकामागून एक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या: पॅट्रियट, अल्फा, वेस्टमोरलँड, आणि २९ ऑक्टोबर २०१९ रोजी मरे एनर्जी. प्लॅनमध्ये मोठी वर्गणी भरणारी ती शेवटची मोठी कंपनी. आधी प्लॅन २०२२ च्या आसपास कोरडा पडेल असं म्हणत होते. मरेनंतर २०२० म्हणू लागले.

दिवाळखोरी म्हणजे कंपनी बुडाली. पण पेन्शन कसं बुडवता येतं? ते कामगारांचं देणं आहे ना?

हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात जास्त छळत होता. आपल्याकडे "देणं ते देणं" अशी समजूत. इथल्या दिवाळखोरी कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने कंपनीला युनियनशी केलेला करार आणि निवृत्तांच्या औषधपाण्याची जबाबदारी झटकता येते. मग तीच खाण, तेच यंत्र, तोच कोळसा नव्या नावाने सुरू होतो. फक्त म्हाताऱ्यांचा हिशेब जुन्या नावावर राहतो.

पॅट्रियटचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. २००७ मध्ये पीबडी कंपनीने आपल्या काही युनियनवाल्या खाणी वेगळ्या काढून पॅट्रियट ही नवी कंपनी बनवली. पुढे आर्च कंपनीच्या जुन्या खाणीही तिच्याच गळ्यात आल्या. खाणींबरोबर हजारो निवृत्तांच्या इस्पितळाच्या बिलांची जबाबदारीही गेली. यातल्या कित्येकांनी पॅट्रियटसाठी एक दिवसही काम केलेलं नव्हतं. जुलै २०१२ मध्ये पॅट्रियट दिवाळखोरीत गेली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ही जबाबदारी कमी करायला परवानगी दिली. सेंट लुईसच्या रस्त्यांवर लष्करी छापाचे टी-शर्ट घातलेल्या सत्तरी-ऐंशीतल्या लोकांना पोलिसांनी धरून नेलं, ते याच वेळी. शेवटी तडजोड झाली. पीबडीने ३१ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यात सगळं भागणार नव्हतं आणि भागलंही नाही. २०१५ मध्ये पॅट्रियट पुन्हा दिवाळखोरीत गेली.

(तो लष्करी छापाचा शर्ट म्हणजे १९८९ च्या पिट्सटन संपाची खूण. पिट्सटन कंपनीने सुमारे दीड हजार निवृत्त, विधवा आणि अपंगांचा औषधपाण्याचा खर्च बंद केला, तेव्हाचा तो संप. त्यातूनच १९९२ चा निवृत्त खाणकामगारांच्या आरोग्याचा कायदा झाला. आमच्या आजोबांकडे असे चार शर्ट आहेत, आणि एक लग्नाला घालायचा आहे असं आजी म्हणतात.)

पेन्शनला सरकारी विमा असतो ना?

असतो. १९७४ च्या कायद्याने पीबीजीसी नावाची संस्था स्थापन झाली. प्लॅन बुडाला तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत पेन्शन तिने द्यायचं. अनेक कंपन्यांनी मिळून चालवलेल्या प्लॅनसाठी ही मर्यादा तीस वर्षं नोकरी केलेल्याला वर्षाला १२,८७० डॉलर. खाणकामगारांचं पेन्शन मुळातच लहान, म्हणून कागदावर फारसं नुकसान दिसत नव्हतं. अडचण अशी की हमी देणाऱ्याच्याच गल्ल्यात खडखडाट होता. अशा प्लॅनसाठीचा पीबीजीसीचा निधी २०२५ पर्यंत संपेल असा तिचा स्वतःचाच अंदाज होता. जामीनदारच उसनवारीवर.

२०१९ च्या कायद्याने नेमकं काय केलं?

२० डिसेंबर २०१९ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या खर्चाच्या मोठ्या विधेयकात हा खाणकामगारांचा कायदा आत होता. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर ज्यो मँचिन त्यासाठी कित्येक वर्षं अडून बसले होते. त्यानुसार सरकारी तिजोरीतून १९७४ च्या प्लॅनला पैसे जातात. सोडून दिलेल्या खाणींच्या जमिनी दुरुस्त करण्यासाठीचा जो निधी आहे, त्याच्या आणि खाणकामगारांच्या आरोग्याच्या जुन्या व्यवस्थेशी हे पैसे जोडलेले आहेत. सगळं मिळून वर्षाला ७५ कोटी डॉलरची मर्यादा. सुमारे ९० हजार लोकांचं पेन्शन यामुळे वाचलं. दिवाळखोर कंपन्यांच्या निवृत्तांचा आरोग्याचा प्रश्न त्याआधी, मे २०१७ मध्ये, बावीस हजारांहून जास्त लोकांसाठी कायमचा सुटला होता.

पण हे पैसे करदात्यांनी का भरायचे? माझ्या ४०१-के या निवृत्ती खात्याला कोणी भरपाई देतं का?

हा प्रश्न आयटीतल्या मंडळींकडून हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. मला पटलेलं उत्तर हे: ४०१-के मध्ये पैसा तुमच्या नावावर असतो, कंपनी बुडाली तरी तो तुमचाच. इथे पैसा सामाईक फंडात होता, त्याच्या मोबदल्यात माणसाने पगार सोडला होता, आणि व्यवस्थेच्या मुळाशी सरकारची सही होती. त्यातच दिवाळखोरीचा कायदा सरकारचाच, ज्यातून कंपन्या निसटल्या. टनामागचे पैसे जिथे थांबले तिथून सरकारने पुढे भरायचे, एवढंच झालं. यात एक खोट मला दिसते. ज्यांनी खाणी वेगळ्या काढून जबाबदारी ढकलली, त्यांच्याकडून वसुली फार थोडी झाली.

काळं फुप्फुस म्हणजे काय? ते कमी झालं ना?

कोळशाची आणि दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचून ते कडक होतं. माणूस जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबतो, मग दर दोन पायऱ्यांवर. शेजारच्या आजोबांच्या मोठ्या भावाला मी पाहिलं आहे. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र, आणि बोलताना प्रत्येक वाक्याच्या मधे श्वासासाठी एक स्वल्पविराम.

२० नोव्हेंबर १९६८ रोजी फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियात सुमारे चाळीस हजार कामगार याच आजाराची भरपाई मिळावी म्हणून संपावर गेले, आणि १९६९ चा सुरक्षा कायदा झाला. धुळीवर मर्यादा आली, आजार खरोखर घटला. पण जाड थर संपले. आता पातळ थरासाठी खडकही कापावा लागतो आणि त्यातून सिलिकाची धूळ उडते. २०१८ च्या सरकारी अभ्यासात मध्य ॲपलॅचिया या डोंगराळ खाणपट्ट्यातल्या पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या पाचातल्या एकाला हा आजार निघाला.

खाणकामगारांचं पेन्शन आणि राष्ट्रीय आरोग्य विमा, हे दोन वेगळे विषय नाहीत का?

मलाही तसंच वाटायचं. पण तारखा मांडून बघा.

१९ नोव्हेंबर १९४५ रोजी ट्रूमन यांनी काँग्रेसकडे सगळ्या देशासाठी आरोग्य विमा मागितला. डॉक्टरांच्या संघटनेने "समाजवादी वैद्यक" म्हणून ओरड केली आणि तो बारगळला. सहा महिन्यांनी त्याच सरकारने एका धंद्यातल्या लोकांना मात्र तो कराराने दिला. देशाला नाही ते खाणीला मिळालं, आणि खाण गेली की तेही गेलं. ही गाठ तेव्हापासूनची.

पुढचे कायदेही पाहा. २०१० च्या ओबामाकेअर या आरोग्य विम्याच्या कायद्यात सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी काळ्या फुप्फुसाचं एक छोटं कलम घातलं: जमिनीखाली पंधरा वर्षं काम आणि श्वासाचं पूर्ण अपंगत्व असेल तर आजार खाणीमुळेच झाला असं धरायचं, आणि भरपाई घेणारा वारला तर विधवेला पुन्हा सगळं सिद्ध करायला लावायचं नाही. २०१९ मध्ये ज्या विधेयकाने पेन्शन वाचवलं, त्याच विधेयकाने महागड्या विम्यांवरचा ओबामाकेअरचा कर रद्द केला. २०२१ च्या कोविड पॅकेजात अडचणीतल्या सामाईक पेन्शन प्लॅनना मदत आणि विम्याच्या हप्त्यावर वाढीव सवलत एकत्र होती. २०२२ च्या कायद्याने काळ्या फुप्फुसाच्या निधीसाठीचा कोळशावरचा कर कायमचा केला (भूमिगत खाणीला टनामागे १ डॉलर १० सेंट, उघड्या खाणीला ५५ सेंट) आणि तीच वाढीव सवलत २०२५ पर्यंत लांबवली. चार कायदे, चारही वेळा दोन्ही विषय एकाच बाडात. त्यामुळे २०१७ मध्ये ओबामाकेअर मोडीत काढायचं घाटत होतं, तेव्हा डोंगरातल्या विधवा ते कलम वाचावं म्हणून धास्तावल्या होत्या. २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी तो प्रयत्न पडला; सिनेटर मॅकेन यांचा विरोधी मताचा तो खाली वळवलेला अंगठा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला.

मग ओबामाकेअर म्हणजेच राष्ट्रीय आरोग्य विमा?

नाही. अमेरिकेत सगळ्यांसाठी एक विमा आजही नाही. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर (३० जुलै १९६५, पहिलं कार्ड ट्रूमन यांनाच), गरिबांना मेडिकेड, नोकरदारांना मालकाकडून, आणि उरलेल्यांना ओबामाकेअरच्या बाजारातून विकत. या फटींमधून अडीच कोटींहून जास्त लोक पडतात. ओबामाकेअरने आधीचा आजार असला तरी विमा नाकारता येत नाही, मुलांना २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं, आणि राज्यांना मेडिकेड वाढवता येतं, एवढं केलं. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाने ते २०१४ पासून वाढवलं, म्हणून खाणी बंद पडल्यावर तिथली कित्येक घरं तगली.

ब्रिटनने हे कसं सोडवलं?

तिथे उलट झालं. वेल्समधल्या ट्रेडेगर गावात खाणकामगार पगारातून पैसे कापून मदत मंडळ चालवायचे, त्यातून गावाचा डॉक्टर आणि इस्पितळ चालायचं. त्या गावचा आणि स्वतः तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी एनएचएस ही सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली. खाणीतला नमुना त्याने सगळ्या देशाला दिला. पेन्शनच्या बाबतीत मात्र तिथेही रडगाणं होतंच. १९९४ च्या खासगीकरणात सरकारने हमी दिली आणि बदल्यात फंडातल्या वाढाव्यातला अर्धा वाटा घेत राहिलं. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात दीड अब्ज पौंडांचा राखीव निधी परत केला, तेव्हा सव्वा लाखाच्या आत असलेल्या निवृत्तांचं पेन्शन ३२ टक्क्यांनी वाढलं.

आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत. आम्हाला या सगळ्याचं काय?

नोकरी गेली की विमा गेला, एवढी एक ओळ पुरे. ले-ऑफनंतर कोब्रा नावाच्या सोयीने साधारण अठरा महिने जुनाच विमा ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर दोन टक्के. शिवाय नवी नोकरी शोधायला व्हिसावर मिळणारे साठ दिवस टिकटिक करत असतात. खाणकामगारांचा आणि आपला विमा एकाच खुंटीला टांगलेला आहे.

आई-बाबांना ग्रीन कार्डवर आणलं तर मेडिकेअर मिळतं का?

वय ६५ आणि इथे सलग पाच वर्षं कायम रहिवासी म्हणून राहिलेले असतील तर विकत घेता येतं. नोकरीचा इतिहास नसल्यामुळे इस्पितळाच्या भागाचाही हप्ता भरावा लागतो. फक्त भेटीला येणाऱ्यांचा प्रवासी विमा ही वेगळी चीज. त्यात आधीचा मधुमेह, बीपी बहुतेक वेळा बाहेर असतात. पॉलिसीतला तो बारीक अक्षरातला परिच्छेद विमानात बसण्याआधी वाचा.

चंद्रपूर-वणीकडे काय परिस्थिती? तिथे सरकारी कंपनी आहे, म्हणजे काळजी नाही?

दिवाळखोरीची काळजी नाही, पण हिशेब तोच. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने कोळसा खाण भविष्य निधी आहे, मुख्यालय धनबादला. ३१ मार्च १९९८ पासून पेन्शन योजना आली. शेवटच्या काळातल्या सरासरी पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडा तसाच गोठलेला. १९९९ ला निवृत्त झालेल्या बाबांची रक्कम आणि आजचा डाळीचा भाव एका कागदावर लिहून बघा. योजनेत दर तीन वर्षांनी आढावा घ्यायची तरतूद आहे, तरी ही तक्रार तशीच आहे. वर्गणी भरणाऱ्यांपेक्षा पेन्शन घेणारे जास्त झाले आहेत, म्हणून वर्गणी वाढवली आणि कोल इंडियाने टनामागे दहा रुपये द्यायचं मान्य केलं. पाच सेंटांची गोष्ट फिरून आपल्या गावी आली. निवृत्तांसाठी कंपनीची वेगळी वैद्यकीय योजना आहे. शिवाय सत्तरीपुढच्या कोणालाही आता आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, उत्पन्न काहीही असो.

एक व्यवहारातली गोष्ट. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका. बाबांचं बोट मशीनवर उमटतच नव्हतं. चाळीस वर्षं लोखंड आणि कोळसा हाताळून रेषा झिजलेल्या. एका बँकेत त्यांना तीन खेपा घालाव्या लागल्या, एक महिना पेन्शन अडकलं. चेहरा ओळखून दाखला देणारं मोबाइल ॲप आता आहे, घरातल्या कोणा पोराकडून ते करून घ्या.

शेजारच्या आजोबांचं पेन्शन आता नीट येतंय का?

येतंय. महिन्याच्या सुरुवातीला जमा होतं, आणि चिठ्ठी आली की ते जुनी काढून नवी लावतात, त्याच चुंबकाखाली.